आधी भाता थांबला

त्या पानावर काहीच नव्हतं. नुसते ठिपके. लहानमोठे, एकमेकांना लागून बसलेले, सुपात पसरलेल्या मिसळीच्या डाळीसारखे. देवरावनं पुस्तक डोळ्यांजवळ नेलं, मग हातभर लांब धरलं आणि डॉक्टरकडे पाहून तो हसला.

"ठिपके हायेत साहेब."

"त्यांत आकडा आहे. पहिल्या पानावर बारा वाचलात ना, तसा."

"तिथं बारा होता. इथं नाइ."

डॉक्टरनं पान उलटलं. पुढच्या पानावरही ठिपके होते आणि त्याच्या पुढच्याही. मागच्या बाकावर एसटीच्या ड्रायव्हरकीसाठी आलेला एक जण पाळीची वाट पाहत बसला होता. त्याला राहवलं नाही. मान पुढे काढून तो म्हणाला, "पंचेचाळीस लिवलं हाये ना बाप्पा, एवढं मोठं!" डॉक्टरनं त्याला गप्प केलं. देवरावनं पुन्हा पाहिलं. पान तसंच होतं. पण त्या माणसाच्या आवाजात चेष्टा नव्हती. समोरच्याच्या धोतराला काटा लागलेला दाखवावा, तसं त्यानं सहज सांगितलं होतं.

"तांबडा आणि हिरवा यांतला फरक तुमच्या डोळ्यांना नीट कळत नाही," डॉक्टर लिहितालिहिता म्हणाला. "जन्मापासूनच असणार. हा आजार नाही, त्यामुळं औषधही नाही. शंभर पुरुषांत सातआठ जणांना असतं. पुष्कळांना मरेपर्यंत पत्ता लागत नाही. तुम्ही काळजी करू नका, ही अट ड्रायव्हरांना आहे. तुम्ही लोहारकाम शिकवणार ना? लोखंडाला रंग थोडाच असतो!" आणि त्यानं खाली सही करून कागद देवरावच्या हातात दिला. तब्येत उत्तम, नेमणुकीस पात्र.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना देवरावनं कागदाची चौघडी करून खिशात घातली. फाल्गुनातलं ऊन होतं. रस्त्यानं कापसाच्या गाड्या जिनाकडं चालल्या होत्या आणि त्यांतून उडालेले पुंजके बाभळीच्या काट्यांना लटकत होते. पांढरं ते पांढरं दिसत होतं. आभाळ निळं होतं. सगळं रोजच्यासारखं होतं, आणि त्याला वाटलं की डॉक्टर पोरसवदा आहे, पुस्तकात शिकलेला आहे, आणि ते पुस्तकही कुठल्या तरी परक्या मुलखातलं. आपण बावीस वर्षं लोखंडाचे रंग पाहत आलो. लोखंडाला रंग नसतो म्हणणारा माणूस आपली नजर काय तपासणार! या विचारानं त्याला बरं वाटलं. कापूस बाजाराच्या कोपऱ्यापर्यंत ते बरं वाटणं टिकलं. तिथं एक बाई टोपलीत बोरं घेऊन बसली होती, आणि देवराव तिच्यासमोर उगाच उभा राहिला. लहानपणी बापानं बोरं आणायला पाठवलं की तो पिकलेल्यांबरोबर कच्चीही तोडून आणी आणि बाप टाळक्यात मारी, "नजर कुठं राह्यते तुही?" भाऊ लांबूनच बोरीकडं पाहून सांगे, त्या फांदीवर पिकली हायेत. देवराव मात्र एकेक बोर दाबून पाही. त्याला वाटे, भाऊ थापा मारतो. पळस फुलला की गावातले लोक, जंगल पेटलं बाप्पा, असं म्हणत उभे राहत, तेव्हाही त्याला वाटे की लोकांना वाढवून बोलायची सवय असते. त्याला पळसावर मळकट पिवळी फुलं दिसत. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवाव्यात असं त्याला सेहेचाळीस वर्षांत कधी सुचलं नव्हतं.

देवराव खाती, म्हणजे देवराव लोहार, म्हटलं की उमरखेडपासून वणीपर्यंतचे सुतार मान डोलवत. पटाशा, रंध्याची पाती, लाकूड तासायचे वाकस, एवढंच तो करी. नांगराचा फाळ कुणी घेऊन आला तर त्याला दुसऱ्या लोहाराचं घर दाखवी. मोटारीच्या जुन्या कमानीचं पोलाद तो स्वतः वाजवून निवडी. नुसत्या पैशावर त्याची पटाशी मिळत नसे. आधी तो सुताराला म्हणे, तुझं जुनं हत्यार दाखव. ते बोथट, गंजलेलं निघालं तर, जा, आधी ह्याची सेवा कर, मंग ये. लोक हसत, चिडत आणि पुन्हा येत. त्याचा आणखी एक रिवाज होता. धार तुटली किंवा वळली म्हणून कुणी हत्यार परत आणलं, तर देवराव फुकट नवीन देई. पण आधी त्या सुतारानं चार माणसांदेखत सांगायचं की चूक माझी झाली. खिळ्यावर मारली म्हणा, साणेवर धार लावताना जाळली म्हणा, काहीही म्हणा, पण चूक माझी. बावीस वर्षांत चारच हत्यारं परत आली होती, आणि चौघांनीही चूक कबूल केली होती. हे तो अभिमानानं सांगे. सरकारी कारागिरी शाळेच्या साहेबांनाही त्यानं हे सांगितलं होतं, आणि साहेबांनी हसून त्याला लोहारकामाच्या मास्तरची जागा देऊ केली होती.

पोलादाचं खरं काम आकारात नसतं, पाण्यात असतं. तापवून पाण्यात बुडवलं की पोलाद काचेसारखं होतं, कडक पण ठिसूळ. मग ते घासून उजळ करायचं आणि पुन्हा अगदी हळू तापवायचं. पाणी उतरवायचं म्हणतात ते हेच. त्या उजळ अंगावर एकामागून एक रंग चढत येतात. बापानं ते पाढ्यासारखे पाठ करून घेतले होते. आधी तुरीची डाळ, मग मध, मग गूळ, मग जांभूळ, शेवटी मोराचा गळा. रंध्याच्या पात्याला मध, पटाशीला गूळ, कुऱ्हाडीला जांभूळ. त्या क्षणी भाता थांबवून हत्यार पाण्यात घातलं तर ते जन्मभर साथ देतं. एक श्वास आधी घातलं तर धार तुटते, एक श्वास उशिरा घातलं तर वळते. देवरावला डाळ दिसे आणि मोराचा गळाही दिसे. मधला पट्टा मळकट दिसे. सगळ्यांनाच तो तसा दिसत असणार असं तो धरून चालला होता. त्या मळकटातून नेमका क्षण उचलणं यालाच लोक नजर म्हणतात, आणि ती आपल्याकडं आहे, असं त्याला वाटे. कसं कळतं ते त्याला सांगता येत नसे. आतून कळे. आतून काहीतरी थांबल्यासारखं होई, आणि तो म्हणे, "बस."

समोर भात्यावर मथुरा असे. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून तीच भाता ओढत आली होती. तो बस म्हणे, भाता थांबे, तो पटाशी पाण्यात घाली. हा क्रम त्याच्या मनात इतका पक्का होता की त्याकडं त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. आता दारव्ह्याच्या रस्त्यानं घराकडं चालताना तो त्याकडं पाहू लागला. भात्याची कातडी कुरकुरे. तो कुरकुरण्याचा आवाज, मग शांतता, मग आपलं बस. की आधी बस आणि मग शांतता? तो रस्त्याच्या कडेला निंबाखाली थांबला. चप्पल सैल झाल्याचं दाखवून खाली वाकला, कारण येणारेजाणारे पाहत होते. वाकल्यावाकल्या त्यानं तो आवाज पुन्हा आठवून पाहिला. दहादा आठवला. प्रत्येक वेळी शांतता आधी येत होती.

महिनाभरापूर्वी तो शाळेत रुजू झाला. तिथं भाता नव्हता, विजेवरचा पंखा होता. बटण दाबलं की वारा सुरू, दाबलं की बंद. तिथं त्यानं तीन पटाशा केल्या आणि तिन्ही बिघडल्या. दोहोंची धार सुतारकामाचा मास्तर नेमसिंग याच्या बाकावर पहिल्याच घावाला तुटली, तिसरीची वळली. नेमसिंग तांड्यावरचा माणूस, जंगल डेपोत काम करून सुतारकी शिकलेला, देवरावच्याच पटाशा वापरून नावारूपाला आलेला. त्यानं तिन्ही पटाशा बाकावर ओळीनं ठेवल्या. देवरावनंच सांगून टाकलं, "ह्या विजेच्या वाऱ्याले अक्कल नाइ. आन् हा राजूरचा दगडी कोयसा. ह्याच्यात गंधक राह्यते." नेमसिंग म्हणाला, "सही बात हाये मास्तर. मशीनले काय कळते." उद्या सकाळी साहेब स्वतः वर्ग पाहायला येणार होते. पाणी उतरवण्याचा धडा होता. बारा शिकाऊ उमेदवार, साहेब आणि नेमसिंग. आजचा कागद दाखल झाला की जागा कायम व्हायची.

परत आलेल्या चार हत्यारांचा हिशेब त्यानं चालताचालता केला. आजवर त्यानं तो सुतारांच्या नावानं केला होता, आज पहिल्यांदा तो त्यानं दिवसांच्या नावानं केला. पहिली पटाशी केली तेव्हा मथुरा माहेरी होती, पहिल्या बाळंतपणाला. रंध्याचं पातं केलं तेव्हा तिची आई वारली होती आणि ती पंधरा दिवस गेली होती. तिसरं हत्यार तिच्या मुदतीच्या तापातलं. त्या तिन्ही वेळी भाऊ भात्यावर बसला होता, आणि देवरावला वाटलं होतं की भावाला ताल नाही. चौथी पटाशी उमरखेडच्या गोविंदा सुताराची. तिच्यापाशी येऊन तो थांबला आणि त्याच्या छातीवरचा भार जरा हलला. कारण ती पटाशी केली तेव्हा मथुरा घरीच होती. भात्यावर तीच होती. हे त्याला लख्ख आठवत होतं, कारण त्या दिवशी वणीचे दोन सुतार भट्टीपुढं बसले होते. म्हणजे ती असूनही पटाशी बिघडली. म्हणजे तिचा आणि पाण्याचा संबंध नाही. गोविंदानं ती साणेवर जाळली होती, आणि बाकीच्या तिघांच्याही चुकाच होत्या. चारातल्या या एकीला धरून देवराव घरापर्यंत आला.

मथुरा अंगणात मिरच्या निवडत होती. पिकल्या एकीकडं, कच्च्या एकीकडं. हे काम तिनं त्याला कधी सांगितलं नव्हतं.

"झालं का दाखल्याचं?"

"झालं. भाता लाव. एक पटाशी हाये अर्धी राह्यलेली."

"आता? जेवण तं करा."

"लाव म्हणतो ना."

तिनं हात पुसले. दुपारची तिरीप भट्टीच्या छपरातून पोलादावर पडत होती, रंग पाहायला असाच उजेड लागतो. पाणी दिलेली पटाशी देवरावनं विटेवर घासून आरशासारखी केली, सांडशीत धरली आणि म्हणाला, "आज मी बस म्हणेस्तोवर हात थांबवायचा नाइ. काही झालं तरी नाइ."

"कायले?"

"सांगतो तेवढं कर."

मथुरानं त्याच्याकडं पाहिलं. मग तिनं दोरी धरली. भाता कुरकुरू लागला, हळू, एका तालात. कोळशावर लाली आली. पोलादावर डाळ उमटली, ती त्याला दिसली. मग पोलाद मळकट झालं. तो त्या मळकटात पाहत राहिला, आयुष्यात इतकं निरखून त्यानं काही पाहिलं नव्हतं. त्यात कुठं मध नव्हता, कुठं गूळ नव्हता. रात्री नदी उतरताना पायाखाली कुठं दगड आहे ते कळू नये, तसं होतं ते. आणि मग भाता अडखळला. दोरा ओवायला लागतो तेवढाही वेळ नाही. मथुराचा हात सवयीनं थांबू पाहत होता. तिनं तो पुन्हा चालू केला आणि मान भिंतीकडं वळवली. त्याच क्षणी देवरावच्या गळ्यात बस आलं. नेहमीसारखं, आतून, खात्रीनं. तो शब्द त्यानं दातांत धरला. तो उच्चारला असता तर पटाशी उत्तम झाली असती, आणि उद्या तो मान वर करून शाळेत गेला असता. भाता ओढला जात राहिला. मळकट पट्टा सरला आणि पोलादाच्या टोकावर निळा रंग आला. तो त्याला स्वच्छ दिसला.

"बस," तो म्हणाला.

पटाशी त्यानं पाण्यात घातली नाही. तशीच ऐरणीवर ठेवली.

"कवापासून माहीत हाये तुले?"

कशाबद्दल म्हणून तिनं विचारलं नाही. "लगनाच्या दुसऱ्या वर्षापासून. तुमचा पाढा ऐकून रंगावर हात तं मी पहिल्यापासूनच थांबवो, पण तुमाले रंग दिसत नाइ हे तवा कळलं. पहिलटकरीण होतो मी. तुमी यवतमाळच्या बजारातून लुगडं आणलं. हिरवं आणलं म्हणे. चारचौघींसमोर घडी मोडली तं तांबडं निंघालं."

"मंग?"

"मंग काय. मी म्हणलो, मीच तांबडं सांगतलं होतं."

त्याला ते लुगडं आठवलं. ते नेसून ती माहेरी गेली होती. त्याच्या मनात ते आजपर्यंत हिरवंच होतं.

"मले काहून नाइ सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तुमी भट्टी बंद केली असती. नाइ तं मले भात्यावरून उठवलं असतं. दोन्हीतलं एक." ती दोरीचं टोक बोटाला गुंडाळत होती. "आन् खरं सांगू का, मलेबी बरं वाटे. लोक येत, म्हणत देवरावच्या धारेले तोड नाइ. मी तिकडं मान खाली घालून बसो, आन् मनात म्हणो, माहीत हाये. ते तुमचंबी नव्हतं आन् माहंबी नव्हतं, पण मले माहीत होतं आन् तुमाले नव्हतं. त्याच्यात मजा होती."

हे तिनं इतक्या सरळ सांगितलं की त्याला राग कुठं ठेवावा ते कळेना. त्यानं शेवटची गोष्ट बाहेर काढली. "गोविंदाची पटाशी? तवा तं तू भात्यावर होती. ते काहून वळली?"

मथुरानं बोटावरचा दोरीचा फेर सोडला. लुगड्याबद्दल बोलताना तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते गेलं.

"त्या दिवशी वणीचे दोघं बसले होते," ती म्हणाली. "एक म्हणला, वहिनीची साथ हाये म्हणून असं काम होते देवरावभाऊ. तुमी काय म्हणले, आठवते?"

त्याला आठवत नव्हतं.

"तुमी म्हणले, भाता तं बैलबी ओढते. ते हासले. तुमीबी हासले. मंग मी बैलासारखाच ओढला. रंग आला तरी दोनदा जास्त ओढला. मंग थांबलो. तुमी बस म्हणले आन् पाण्यात घातली." ती आता त्याच्याकडं पाहत होती. "मले वाटलं, परत येईन, तुमाले कळन. ते गोविंदाच्या वाट्याले जाईन हे मले काय माहीत."

गोविंदा आला होता तो बाजाराचा दिवस होता. किडकिडीत, बोलताना अडखळणारा माणूस. तो एकच सांगत होता, म्या साणेवर जाळली नाइ, पाण्याची चरवी जवळ ठिवून लावली. देवरावनं चौघांसमोर त्याला तासभर उभं केलं. त्याचा हात धरून लोकांना दाखवला, ह्या हातानं सुतारकी! बोटं पाहा कशी थरथरून राह्यली! शेवटी गोविंदा म्हणाला, "असन जळली. चूक माही." देवरावनं नवी पटाशी पुढं केली. गोविंदानं ती घेतली नाही. ऐरणीवर ठेवून तो निघून गेला, आणि त्यानंतर दिसला नाही. कुणी सांगे, तो आता सरकी भरायला जातो. देवराव म्हणे, बरं झालं, एक वाईट सुतार कमी झाला.

आता त्याला लाज वाटायला हवी होती, आणि ती वाटतही होती. पण तिच्याखाली आणखी काहीतरी होतं, आणि ते ओळखायला त्याला वेळ लागला. बावीस वर्षांतली शेकडो पाती आणि पटाशा तर हातून गेल्याच होत्या, पण मथुरा समोर असताना बिघडलेली एकुलती एक पटाशी, तीसुद्धा त्याची नव्हती. त्याची चूकही त्याची नव्हती. घण त्याचा होता, पोलाद वाजवून निवडणारा कान त्याचा होता, हत्याराच्या पाठीची रेघ आणि मुठीचा निमुळतेपणा त्याचा होता. हे सगळं त्यानं मनात एकेक करून मोजलं, आणि ते काही थोडं नव्हतं. पण लोक त्यासाठी येत नव्हते. लोक धारेसाठी येत होते.

"उद्या साहेब येणार हायेत," निळी पडलेली पटाशी बाजूला सारत तो म्हणाला. "पाणी उतरवून दाखवा म्हणे."

"डाक्टरनं काय लिवलं?"

"पास."

मथुरानं दोरी खुंटीला अडकवली. "मंग कोणाले काय माहीत होते? पोरांले इचारा, सांगा रे, कोणता रंग आला. मास्तर इचारतेच. ते म्हणतीन गूळ, तुमी म्हणा बस." तिनं हे स्वैपाकात मीठ किती घालायचं ते सांगावं तसं सांगितलं, आणि ती उरलेल्या मिरच्यांकडं गेली. देवरावनं तिच्या पाठीकडं पाहिलं. बावीस वर्षं त्याला सांभाळण्याची ही रीत तिच्या अंगात इतकी मुरली होती की सगळं उघडं झाल्यावरही ती थांबली नव्हती.

सकाळी शाळेत त्यानं तसंच केलं. साहेब खुर्चीत बसले होते, नेमसिंग सागाचा ठोकळा घेऊन दाराशी उभा होता. बारा उमेदवार भट्टीभोवती गोल करून उभे राहिले. देवरावनं त्यांना डाळ, मध, गूळ, जांभूळ, मोर हा पाढा म्हणून दाखवला आणि त्यांच्याकडून म्हणवून घेतला. मग पटाशी विस्तवावर धरली, पंख्याचा वारा बारीक करायला सांगितला आणि म्हणाला, "आता मी बोलणार नाइ. तुमी सांगा, कोणता रंग आला."

"डाळ!" सगळे एकदम ओरडले. ती त्यालाही दिसत होती.

मग पोलाद मळकट झालं.

"मध," एक जण म्हणाला.

"मध कायचा, गूळ हाये ना!"

"आत्ता कुठं गूळ? तुह्या घरी असा गूळ राह्यते काय?"

"माह्या घरी राह्यते, तुह्या घरी खाल्ला कोणी?"

हशा पिकला. साहेबही हसले. देवरावनं इतकं सगळं ठरवलं होतं, पण हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. बारा जोडी डोळ्यांना रंग दिसत होता, पण त्याचं नाव त्यांना अजून ठाऊक नव्हतं. ते नाव त्यांना त्याच्याकडून शिकायचं होतं. हसू ओसरलं आणि सगळी तोंडं त्याच्याकडं वळली. "मास्तर, तुमीच सांगा. मध का गूळ?"

वेळ जात होता. पोलाद कुणासाठी थांबत नाही. तो काय बोलणार हे त्याला तोंड उघडेपर्यंत माहीत नव्हतं.

"मले दिसत नाइ," तो म्हणाला. "तुमीच ठरवा."

मग पुढचे तिघंचौघं खाली वाकले, चेहऱ्यावर धग घेत. त्यांच्यातला एक उंच, शांत उमेदवार होता. तो म्हणाला, "मधाचा गेला. टोकावर तांबूस आलं, बुडाशी पिवळंच हाये. हाच गूळ. बस करा." बाकीच्यांनीही मग, बस, बस, असा गलका केला. देवरावनं पटाशी पाण्यात बुडवली. नेमसिंगनं ती दगडावर लावली, ठोकळ्यावर टेकवली आणि मोगरी मारली. सागाचा पातळ वळलेला कपचा अलगद बाहेर आला. त्यानं आणखी वीस घाव घातले, मग धारेवरून अंगठा फिरवला आणि तो साहेबांना दाखवत म्हणाला, "देखा साहेब? ही देवरावभाऊची पटाशी."

साहेब उठून उभे राहिले. "वा! याला शिकवणं म्हणतात. स्वतःला सगळं दिसत असून म्हणाले दिसत नाही, तुम्ही ठरवा. किती जणांना जमतं हे? मोठं मन लागतं त्याला." त्यांनी देवरावच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमचे कागद आजच पुढं पाठवतो."

नेमसिंगनं मान डोलावली. उमेदवार देवरावकडं ज्या नजरेनं पाहत होते ती नजर त्याच्या ओळखीची होती, बावीस वर्षं ती त्याच्यावर ऊबेसारखी पडत आली होती. आता यापुढं काही करायचं नव्हतं. रोज विचारायचं, कोणता रंग, आणि हळूहळू ती पोरंच तरबेज होतील. कुणाचं काही बिघडणार नव्हतं. खोटंही बोलावं लागणार नव्हतं, कारण खरं तर त्यानं सांगून टाकलंच होतं. साहेब दारापर्यंत पोचले होते.

"साहेब, थांबा," देवराव म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच बारीक वाटला. "मी मुद्दाम नाइ म्हणलो. मले खरंच दिसत नाइ. जन्मापासून दिसत नाइ. मध आन् गूळ मले सारखेच. काल दवाखान्यात समजलं."

पंखा अजून चालू होता. कुणीतरी तो बंद केला.

"काय मजाक करता देवरावभाऊ," नेमसिंग म्हणाला. तो हसत होता, पण हसू अर्ध्यातच राहिलं. "पंधरा वर्षापासून तुमच्या घरच्या भट्टीतली पटाशी वापरून राह्यलो मी. एकबी वळली नाइ. मंग रंग कोन पाहे?"

"माह्या घरची—" देवराव म्हणाला आणि थांबला. चारचौघांत बायकोबद्दल बोलताना तो आयुष्यभर एवढंच म्हणत आला होता. सगळेच म्हणत. आता ते त्याला पुरेना. साहेब दारात उभे होते, बारा परकी माणसं ऐकत होती.

"मथुरा," तो म्हणाला. "मथुराबाई नाव हाये तिचं."